सातव्या पायरीला पाणी

मृणालिनी सबनीसचा धंद्यातला एक नियम होता. एका तोंडाच्या भरवशावर कुणाला मारायचं नाही. कुणी गायक गेल्याची, वादक गेल्याची खबर आली, की दुसऱ्या कुणाचा दुजोरा मिळेपर्यंत ती एक ओळ लिहीत नसे. नवीन असताना तिनं एका जित्याजागत्या सनईवाल्याला श्रद्धांजली वाहिली होती आणि तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन कचेरीत हजर झाला होता. वर त्यानं मजकुरातल्या दोन चुकाही दाखवल्या. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता.

डिसेंबरातल्या त्या सकाळी ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत हा नियम तिला आठवायला हवा होता. आठवला नाही. ओट्यावर ऊन खात बसलेल्या शिवरामभटजींनी तिचा प्रश्न ऐकून घेतला, कानटोपी वर सारली आणि म्हणाले, "देवदत्त पाळंदे? नरहरशास्त्र्यांचा? तो तर गेला, बाई."

"गेला म्हणजे कुठं?"

"गेला म्हणजे गेला. दोन हजार अकरा साली. दहनाला मी स्वतः होतो ना. मंत्र मीच सांगितले."

"काय झालं होतं त्याला?"

"आता काय सांगू? बारा वर्षं वाट पाहिली घरच्यांनी. मग केलं सगळं शास्त्राप्रमाणे." भटजींनी कानटोपी पुन्हा खाली ओढली. "घर ते काय, पुढं. निळं दार. शरदिनी असेल, शाळेला आज सुट्टी आहे."

शरदिनी कोण, हे विचारायचं भान तिला राहिलं नाही. ती निळ्या दारावरून तशीच पुढं गेली, दिसेल त्या गल्लीनं उतरत संकठा घाटावर आली आणि पायरीवर बसून रडली. त्रेपन्नाव्या वर्षी, डोळ्यांवर चष्मा आणि गळ्यात रेकॉर्डरची दोरी असताना, भर सकाळी नावाड्यांसमोर रडणं काही शोभत नाही. पण सव्वीस वर्षांचं रडू होतं. ते जागा बघून येत नाही.

हा देवदत्त म्हणजे कोण, ते आजच्या पोरांना सांगावं लागेल. पुण्यात नव्वदीच्या दशकात 'तिरपा मजला' नावाचा एक रॉक बँड होता. चार पोरं, दोन उसने अँप आणि मराठी गाणी. त्यांची एकच कॅसेट निघाली, शहाण्णव साली. त्या कॅसेटमधलं 'कडी नाही' हे गाणं होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून वाजलं. गाणारा आणि गिटार वाजवणारा होता देवदत्त. कुठून आला, कुणालाच नीट माहीत नव्हतं. "मला कुणी नाही," एवढंच तो सांगायचा आणि ते अशा काही आवाजात सांगायचा, की समोरच्या बाईला वाटावं, आपण व्हावं.

मृणालिनी झाली. चार वर्षं. सदाशिव पेठेत तिची भाड्याची खोली होती आणि तिच्या दाराची कडी तुटलेली होती. तो हवा तेव्हा यायचा, हवा तेव्हा जायचा, भांड्यातलं खायचा, नाहीतर न खाताच झोपायचा. मग ते गाणं आलं, एका बाईच्या तोंडचं, पण पुरुषाच्या आवाजात:

दाराला कडी नाही, ये, नाहीतर नको येऊ,
ताट झाकून ठेवलंय, जेव, नाहीतर नको जेवू,
पाणी आलंय सातव्या पायरीला,
कळवायचं म्हणून कळवते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तिनं ओळखलं. ही खोली आपली, हे दार आपलं, ही बाई आपण. तिनं त्याला विचारलं नाही. असलं विचारतात का? नव्याण्णवच्या नोव्हेंबरात तो गिटारची तार आणायला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. गिटार खोलीत, चप्पलचा दुसरा जोड खोलीत, आणि माणूस नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, बँडच्या निनादनं गोव्यापर्यंत शोध घेतला. मग सगळे दमले आणि आपापल्या कामाला लागले.

मृणालिनी दमली नाही, हीच तिची चूक. तिला बँकेतल्या एका भल्या माणसानं मागणी घातली होती, तिनं ती झिडकारली. संगीतावर लिहून नाव कमावलं. कार्यक्रमांत ओळख करून देताना लोक हळूच म्हणत, "'कडी नाही' हे ज्यांच्यावर आहे, त्या याच," आणि ती नाही म्हणत नसे. त्या सात पायऱ्यांवर तर तिनं चार पानी लेख लिहिला होता: सात पायऱ्या म्हणजे सात स्वर, सातव्यावर पाणी म्हणजे निषादावर येऊन थांबलेलं, षड्जाला आसुसलेलं प्रेम. एका विद्यापीठाच्या परिसंवादात तो वाचला गेला. पोरं अजून त्यातली वाक्यं परीक्षेत लिहितात. आपल्यावर एक गाणं आहे, या एका गोष्टीवर तिनं सव्वीस वर्षं काढली होती. बाकी म्हणण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

आता कॅसेटला तीस वर्षं होणार म्हणून एक कंपनी त्या गाण्यांची तबकडी काढत होती आणि तिच्याबरोबर मृणालिनीचं पुस्तक येणार होतं. पुस्तक लिहून झालं होतं, शेवटचं प्रकरण सोडून. तेवढ्यात निनादला आईच्या घरातला माळा आवरताना एक रिकामा लिफाफा सापडला. देवदत्तच्या नावाचा. पाठवणाऱ्याचा पत्ता: न. वि. पाळंदे, ब्रह्मा घाट, वाराणसी. कुणी नसलेल्या माणसाला काशीहून पत्र येत होतं. मृणालिनीनं त्याच दिवशी तिकीट काढलं. तिला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. का गेलास, आणि ते गाणं माझं ना? पहिल्याचं उत्तर नाही मिळालं तरी तिनं सोसलं असतं. दुसऱ्याचं हवंच होतं.

आणि आता उत्तर देणारा चौदा वर्षांपूर्वीच जळून गेला होता. तिनं डोळे पुसले आणि पुण्याला सईला, पुस्तकाच्या संपादिकेला, फोन लावला.

"तो गेला गं. दोन हजार अकराला. इथंच."

सई गुणी मुलगी, पण धंदा तो धंदा. "मृणालिनीताई, फार वाईट झालं," ती म्हणाली, आणि मग आवाज आवरत, "म्हणजे शेवट मिळाला आपल्याला. शेवट म्हणून फार मोठा आहे हा. कन्फर्म आहे ना? तुमचा तो नियम?"

तेव्हा कुठं तिला नियम आठवला. ती उठली, नदीच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि पुन्हा गल्ली चढू लागली.

निळं दार उघडंच होतं. आत चौकात सतरंजीवर एक पन्नाशीची बाई वह्या तपासत बसली होती. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, हातात लाल पेन.

"या ना. चपला आत घ्या, बाहेर ठेवल्या तर बंदर घेऊन जातात."

"मी मृणालिनी सबनीस. पुण्याहून आलेय. संगीतावर लिहिते. देवदत्त पाळंदे यांच्याबद्दल थोडं विचारायचं होतं."

"संगीतावर?" बाईनं पेनाला टोपण लावलं. "गिटार वाजवायचे म्हणून मी ऐकलं होतं खरं. लेकिन कुणी लिहावं इतकं?"

"आपण त्यांच्या कोण?"

"मी बायको. शरदिनी."

बायको. मृणालिनी खाली बसली. "कधी... लग्न कधी झालं?"

"ब्याण्णवला. मी अठराची होते, ते बावीसचे. पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले, शास्त्राचा अभ्यास करायला." शास्त्राचा हा शब्द ती इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलली, की ती थट्टा होती का, ते कळेना.

ब्याण्णव. म्हणजे सदाशिव पेठेतल्या त्या चारही वर्षांत तो कुणाचा तरी नवरा होता. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं म्हणतात. तिला छान येत होतं. पण सवयीनं तिचं डोकं काम करत राहिलं, आणि त्या सवयीनंच तिला समोरचं दिसलं. शरदिनीच्या कपाळावर कुंकू होतं. पायांत जोडवी होती. गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि ते काही तेहतीस वर्षांचं जुनं दिसत नव्हतं. या गल्लीत, भटाच्या घरात, नवरा जाऊन चौदा वर्षं झालेली बाई.

"शिवरामभटजी म्हणाले, दोन हजार अकराला..."

"बरोबर सांगितलं."

"मग हे..." तिची नजर मंगळसूत्राकडे गेली.

शरदिनीनं मंगळसूत्र बोटावर घेतलं आणि हसली. "हे होय? हे दोन हजार चौदाचं. माझं दुसरं लग्न झालं ना."

"अच्छा. दुसरं."

"हो. नवरा तोच."

मग तिनं सांगितलं, मुलींना धडा समजवावा तसं, एकेक पायरीनं. नव्याण्णव साली देवदत्तची खबर बंद झाली. पत्र नाही, निरोप नाही. माणूस हरवला तर बारा वर्षं वाट पाहायची, असं शास्त्र आहे. ती पाहिली. बारा वर्षं पुरी झाल्यावर सासऱ्यांनी पालाशविधी केला. पळसाची तीनशे साठ देठं आणायची, डोक्याला चाळीस, मानेला दहा, असा हिशेबानं माणूस मांडायचा. डोक्याच्या जागी नारळ. तो बांधून घाटावर न्यायचा आणि जाळायचा. मग दहावं, तेरावं, श्राद्ध.

"म्हणजे प्रेत नव्हतंच?"

"प्रेत कुठून आणणार? माणूसच नव्हता ना. पळसाचा देवदत्त जाळला. माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. ते मात्र सगळं खरं खरं." तिनं वहीचं पान उलटलं. "खोटं कशाला बोलू, ती तीन वर्षं मला बरी गेली. बी.एड. केलं, नोकरी लागली. कुणाची वाट पाहायची नव्हती."

"आणि मग?"

"मग ते आले. सासरे आजारी आहेत असं कळलं म्हणून आले. एवढी वर्षं होते कुठं, विचारा."

"कुठं?" मृणालिनीनं विचारलं.

"रामनगरला. गंगेच्या त्या अंगाला. इथून ऑटोनं पाऊण तास. लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. गावची रामलीला बिना माइकची आणि हे तिथं माइक दुरुस्त करत बसले होते." ती पुन्हा हसली, आणि या वेळी ती थट्टा होती हे नीट कळलं. "पळसाचा देवदत्त जळाला, त्या दिवशीही तिथंच होते. खबर होती त्यांना."

पण मेलेला माणूस घरात कसा घ्यायचा? त्याच्या हातचं पाणी चालत नाही. त्याच्या हातून बापाला अग्नी चालत नाही. सासऱ्यांना तर मुलाच्या हातचा अग्नी हवा होता. त्यावरही शास्त्र आहे: मेलेला परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालायचं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला तूप चोपडून घंगाळात बसवलं, न्हाऊ घातलं, जातकर्म केलं. बाराव्या दिवशी नाव ठेवलं, ढुंढिराज. मग मुंज. मग लग्न, आणि तेही पहिल्याच बायकोशी लावायचं, असा नियम.

"त्या नावानं कुणी विचारलं तर गेले असंच सांगायचं. शिवरामकाका त्यात एकदम पक्के. जाळलेलं नाव जिवंत माणसाला लावायचं नाही."

"आणि तुम्ही लग्नाला हो म्हणालात?"

"मला कुणी विचारलंच नाही," शरदिनी म्हणाली. "पहिल्या वेळेला तरी कुठं विचारलं होतं?"

म्हणजे तो जिवंत होता. मृणालिनीला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. सकाळी घाटावर जे रडू खर्ची पडलं ते तिला परत हवं होतं. आणि त्याचवेळी, लाज वाटावी अशी गोष्ट, आत कुठंतरी ती गाण्याचा प्रश्न पुन्हा मांडू लागली होती. बायको होती तर होती. बापानं गळ्यात बांधलेली. गाणं तर त्यानं माझ्या खोलीत केलं ना?

दारात सावली पडली. मटार आणि मुळ्यांची पिशवी घेऊन एक माणूस आत आला. गळ्यात मफलर, डोक्यावर चार बोटांची शेंडी, पोट सुटलेलं. खांदे मात्र तेच. गिटारच्या पट्ट्यानं डावा थोडा उतरलेला.

"हे ढुंढिराज," शरदिनी म्हणाली. "या पुण्याहून आल्यात. देवदत्तबद्दल विचारतात."

त्यानं मृणालिनीला ओळखलं. स्टेजवर जायच्या आधी तो अंगठ्यानं बोटांची टोकं चोळायचा, तसं त्याच्या डाव्या हातानं आपोआप केलं. मग हात थांबला.

"ते आता नाहीत," तो म्हणाला.

"तू तार आणायला गेला होतास," मृणालिनी म्हणाली.

त्या 'तू'वर शरदिनीनं मान वर केली. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"हे बघा," तो म्हणाला, भिंतीकडे बघत. आवाज अजून तसाच होता, खालच्या पट्टीतला, समोरच्याला आपल्यात ओढून घेणारा. "तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय, त्यांचं दहन झालं. श्राद्ध झालं. त्यांनी कुणाचं बरं केलं, कुणाचं वाईट केलं, ते त्यांच्याबरोबर गेलं. मी आत्ता अकरा वर्षांचा आहे. मला त्यातलं काही लागत नाही."

मृणालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पळून जाणारे पुरुष तिनं पुष्कळ पाहिले होते, त्यांच्यावर लिहिलंही होतं. कुणी दारूला पुढं करतो, कुणी कलेला, कुणी आईच्या दुखण्याला. या पठ्ठ्यानं चक्क मरणाचा दाखला आणला होता, आणि तोही बापाच्या हातचा. बापानं मुलाला जवळ करायला जो विधी केला, त्याच्या आड हा निवांत उभा होता.

"बरं," ती म्हणाली. "जाब नको देऊस. एकच सांग. 'कडी नाही' कुणासाठी होतं?"

"ते देवदत्तला विचारायला हवं होतं तुम्ही."

"कुठलं गाणं?" शरदिनीनं विचारलं.

"यांचं. म्हणजे देवदत्तचं. फार गाजलं होतं. अजून गाजतंय."

"मी नाही ऐकलं कधी. आहे तुमच्याजवळ? ऐकवा ना."

"नको," तो चटकन म्हणाला. "जुनं कशाला उकरायचं?"

शरदिनीनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला का त्रास होतोय? तुम्ही तर तेव्हा जन्मलाही नव्हता."

मृणालिनीनं फोन सतरंजीवर ठेवला आणि गाणं लावलं. आधी गिटार, एकटी, कॅसेटच्या खरखरीसकट. मग पंचवीस वर्षांचा देवदत्त गाऊ लागला. दाराला कडी नाही. ताट झाकून ठेवलंय. पाणी आलंय सातव्या पायरीला. हजार वेळा ऐकलेलं गाणं मृणालिनी ऐकत नव्हती, ती शरदिनीकडे बघत होती. शरदिनीनं चष्मा काढून वहीवर ठेवला होता. पहिलं कडवं संपलं. मधल्या वादनाचे काही सेकंद गेले, आणि गाणारा पुन्हा तोंड उघडण्याआधीच शरदिनी बोलली, पोरींना शुद्धलेखन घालावं तसं सावकाश:

"दिवा मी मालवत नाही, तेल संपतं. लोक विचारतात, मी पत्र आलं म्हणते."

आणि फोन तेच गायला. दिवा मी मालवत नाही, तेल संपतं. लोक विचारतात, मी पत्र आलं म्हणते.

मृणालिनीनं गाणं बंद केलं.

"माझं पोस्टकार्ड आहे हे," शरदिनी म्हणाली. तिला राग आला होता की नाही, कळत नव्हतं. नवल मात्र वाटत होतं. "पंच्याण्णवच्या श्रावणातलं. बाढ आली होती. सासरे म्हणाले, त्याला कळव, पाणी वरून सातव्या पायरीला आलंय, काळजी करू नको म्हणावं. ते कळवलं, आणि कार्डावर जागा उरली म्हणून बाकीचं लिहिलं."

"पायरी म्हणजे..." मृणालिनी म्हणाली. "खरी पायरी?"

"इथं पाणी पायऱ्यांवरच मोजतात. आणखी कशावर मोजणार?"

"आणि कडी?"

"तुटली होती. सुतार यायला चार महिने लागले." शरदिनीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "मी 'या' लिहिलं होतं. या, नाहीतर नका येऊ. जेवा, नाहीतर नका जेवू. त्याचं 'ये' कुणी केलं? नवऱ्याला 'ये' कोण लिहितं?"

तो काहीतरी बोलेल म्हणून दोघी थांबल्या. दोन बायका, दोन मोडक्या कड्या आणि मटारची पिशवी धरून उभा असलेला अकरा वर्षांचा माणूस. सांगायला त्याच्याजवळ एक वाक्य तरी असायला हवं होतं. चोरलं, एवढं म्हणाला असता तरी मृणालिनीनं ते माफीसारखं घेतलं असतं, इतकी ती खाली आली होती.

"माझी संध्या राहिलीय," तो म्हणाला, आणि पिशवी कोपऱ्यात ठेवून जिना चढून गेला.

"चांगलं म्हटलंय मात्र," शरदिनी त्याच्या पाठीला ऐकू जाईल असं म्हणाली. "कुणी का म्हटलेलं असेना."

वर पळी-पंचपात्राचा आवाज येऊ लागला. शरदिनीनं मृणालिनीपुढं पाण्याचा पेला सरकवला. "तुम्हाला पण 'मला कुणी नाही' असंच सांगितलं असेल."

"हो."

"रामनगरच्या घरमालकिणीला पण तेच सांगितलं होतं. ती इथं येऊन रडून गेली." ती सहज म्हणाली. "तुम्ही त्यांच्या कोण, ते मी विचारत नाही."

सव्वीस वर्षं मृणालिनी एका दुसऱ्या बाईचं पोस्टकार्ड छातीशी धरून बसली होती. त्यावर लेख लिहिले होते. त्याच्या बळावर तिनं एक भला माणूस परत पाठवला होता. "मी संगीतावर लिहिते," ती म्हणाली, आणि पाणी प्यायली. मग तिनं विचारलं, "गाण्यावर तुमचं नाव छापू?"

"माझं? मी कुठं गाणं लिहिलं? मी पत्र लिहिलं."

"शब्द तुमचेच आहेत."

शरदिनीनं चष्मा चढवला, पुढची वही ओढली. दोन ओळी तपासल्या. "छापा. लेकिन 'या' छापा. 'ये' नको."

संकठा घाटावर दुपारचं ऊन कडक झालं होतं. मृणालिनी सकाळच्याच पायरीवर बसली आणि वरून ही कितवी ते मोजू लागली. मग स्वतःचीच चीड येऊन तिनं ते सोडलं. सईचा फोन आला.

"मिळाला का दुजोरा, ताई? आज पानं लावतोय आम्ही."

मृणालिनीनं यावर जे केलं ते न्यायासाठी केलं, असं पुढं पुष्कळांनी म्हटलं. न्यायबीय काही नव्हतं. त्यानं मरणाचा आडोसा घेतला होता, तर त्याला ते मरण पुरतं मिळावं, पुस्तकात, तबकडीवर, त्याचा आवाज जिथं जिथं वाजेल तिथं. आणि त्या आवाजाखाली नाव मात्र दुसऱ्याचं असावं, एवढाच तिचा दुष्टावा होता. त्यात एका बाईचं तिला परत मिळत होतं, तर मिळो.

"मिळाला," ती म्हणाली. "तिघांचा. मंत्र सांगणारे भटजी, त्याची बायको, आणि अगदी जवळचा एक माणूस. तो तर समोर उभा राहून म्हणाला, ते आता नाहीत. लिही. देवदत्त पाळंदे, मृत्यू दोन हजार अकरा, काशी."

"बायको?" सई म्हणाली. "ताई..."

"पुढं लिही. 'कडी नाही'. शब्द, शरदिनी पाळंदे. गाण्यात 'ये' आहे तिथं छापताना 'या' कर. आणि ते माझं प्रकरण आहे ना, खोलीचं, सदाशिव पेठेचं, ते काढून टाक."

"सगळं?"

"सगळं."

तिकडे सईच्या कीबोर्डचा आवाज येत होता. "आणि सात पायऱ्यांचा तुमचा लेख?" तिनं शेवटी चाचरत विचारलं. "तो परिशिष्टात आहे. सात स्वर, निषाद, ते सगळं. तिथं काय घालू?"

खाली नावाडी नाव पुसत होता. हिवाळ्यातलं पाणी पार खाली गेलं होतं आणि वरच्या पायऱ्यांवर वाळलेल्या गाळाच्या रेघा दिसत होत्या.

"पूर आला होता," मृणालिनी म्हणाली. "तेवढंच घाल."